उन्हाचं औषध, अंधारातली कुपी

राजेळी केळी सोलून आई उन्हात मांडते, संध्याकाळी आत उचलते. आठवडाभरात सुकेळी होते. गिरीजच्या वाडीतलं हे काम उन्हाच्या भरवशावरचं. माझं नेमकं उलटं. वसईहून गाडी पकडून मी मुंबईच्या ज्या प्रयोगशाळेत जाते, तिथे कॅल्सिट्रायॉलची कुपी दिवा मंद करूनच उघडायची, एरवी फॉइलमध्ये गुंडाळलेली. कॅल्सिट्रायॉल म्हणजे ड जीवनसत्त्वाचं कामाला लागलेलं रूप. मूळ माल उन्हाने कातडीत बनतो, यकृत आणि मूत्रपिंडात त्यावर पक्का हात फिरतो. कुपीत मात्र तो उजेडानेच नासतो!

आमच्या पेशी एचएल-६०. ल्युकेमिया झालेल्या एका ३६ वर्षांच्या अमेरिकन बाईच्या रक्तातून वाढवलेल्या, १९७७ साली जगापुढे आलेल्या. मोठं व्हायचंच विसरलेल्या: गोल, तरंगत्या, नुसत्या दुप्पट होत राहणाऱ्या. लिटरभर द्रवात जेमतेम ४० मायक्रोग्रॅम कॅल्सिट्रायॉल पुरतं. ते पेशीच्या केंद्रकातल्या आपल्या ग्राहीला जाऊन चिकटतं, काही जनुकं जागी होतात, काही निजतात, आणि तीन-चार दिवसांत पेशी तळाला धरू लागतात, मोनोसाइट या पांढऱ्या पेशींसारख्या. त्याच पेशींना अ जीवनसत्त्वापासून होणारं रेटिनॉइक आम्ल दिलं तर केंद्रकाला खाचा पडतात, न्यूट्रोफिलची कळा येते. पेशी तीच, सांगावा वेगळा.

पहिल्या वर्षी माझी कुपी टेबलावर उघडी राहिली. चौथ्या दिवशी एनबीटी चाचणी लावली. पिकलेल्या पेशीत निळे-काळे ठिपके उमटतात. माझ्या काचेवर एकही नाही. चूक माझीच, पण दोन दिवस मी इन्क्युबेटरला शिव्या घालत होते.

शेजारच्या मावशी ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी दुधातून घेतात. परवा म्हणाल्या, "ह्याने कॅन्सरपण पळतो ना गो?"

नाही, मावशी. बशीत जमतं तेवढं कॅल्सिट्रायॉल अंगात चढवलं तर आधी रक्तातलं कॅल्शियमच बेफाम वाढतं. औषध म्हणून तरलं ते रेटिनॉइक आम्ल: १९८८ साली शांघायच्या डॉक्टरांनी २४ रुग्णांचा अहवाल छापला, आणि प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाच्या उपचाराची दिशाच बदलली. तेही त्या एका प्रकारापुरतं.

पुडी हाडांसाठी. तीही डॉक्टर सांगतील तेवढेच आठवडे.