ट्रकवरच्या ज्वाळा आणि सासूबाईंच्या पाटल्या



आज जरा वेगळ्या विषयावर लिहिते आहे, एका इंग्रजी सिनेमावर. आधीच सांगते, सिनेमा मारामारीचा आहे आणि तो बघा असं मी मुळीच सांगणार नाही. मला बोलायचंय ते त्या सिनेमावर चिडलेल्या माणसांबद्दल. त्यांची चीड या वर्षी मला फार उपयोगी पडली.

गोष्ट २००७ ची. माझा मुलगा तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होता. एका शनिवारी घरी आला तो घुश्शातच. मला वाटलं, पेपर अवघड गेला असेल. तर म्हणाला, "आई, ऑप्टिमस प्राईमवर ज्वाळा काढल्यात!" मला काही उमजेना. मग कळलं की 'ट्रान्सफॉर्मर्स' नावाचा सिनेमा आला होता, आणि त्यातला लाल-निळा ट्रक याच्या लहानपणीच्या खेळण्यातला होता. मामाने मुंबईहून आणलेला तो ट्रक उलगडला की माणूस व्हायचा आणि मिटला की पुन्हा ट्रक. सिनेमात त्याच ट्रकच्या नाकावर आगीचं चित्र रंगवलं होतं. मी हसले. एकवीस वर्षांचा घोडा आणि खेळण्यावरून रुसतोय! त्याला गरम गरम थालीपीठ वाढलं आणि विषय संपवला.

नंतर त्यानेच मला सगळा इतिहास सांगितला. मी कॉमर्सवाली, त्यामुळे त्यातला व्यापार मला लगेच कळला. ही खेळणी मुळात जपानची, टाकारा कंपनीची. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने ती घेतली, त्यांना नावं दिली, बरे-वाईट असे दोन पक्ष पाडले आणि १९८४ मध्ये बाजारात आणली. खेळणी खपावीत म्हणून टीव्हीवर कार्टून सुरू केलं. म्हणजे आधी माल आणि मग कथा. पण मुलांना हे कुठलं माहीत? त्यांच्यासाठी तो ट्रक म्हणजे घरातला कर्ता माणूसच होता.

१९८६ मध्ये याच कार्टूनचा मोठा सिनेमा निघाला आणि त्यात ऑप्टिमस प्राईमला चक्क मारून टाकलं. कारण काय, तर जुन्या खेळण्यांची जागा नव्या खेळण्यांना करून द्यायची होती. जुना स्टॉक काढायचा, नवा भरायचा. दुकानदाराच्या हिशेबाने त्यात वावगं काही नाही. पण थिएटरात मुलं रडायला लागली, पालकांची तक्रारीची पत्रं गेली. मोठमोठ्या माणसांना तेव्हा समजलं की आपण स्टॉक हलवला नाही, कुणाचा तरी जिवलग नेला. १९८७ मध्ये कार्टूनमध्ये त्याला परत जिवंत करावं लागलं. हॅस्ब्रोच्याच दुसऱ्या खेळण्यांचा, जी. आय. ज्योचा सिनेमा तेव्हा तयार होत होता. त्यातल्या ड्यूक नावाच्या नायकालाही मारायचं ठरलं होतं. इथली रडारड बघून त्याला नुसतं बेशुद्ध ठेवून वाचवलं.

ही रडलेली मुलं २००७ पर्यंत तिशीला आली होती. दिग्दर्शक मायकल बेने खऱ्या नटांना घेऊन सिनेमा काढायला घेतला, तेव्हा रोबोंची चित्रं सिनेमाच्या आधीच बाहेर आली आणि गदारोळ उठला. कार्टूनमधला ट्रक चपट्या तोंडाचा होता, इथे लांब नाकाचा. त्याच्या तोंडावर नेहमी पट्टी असायची, इथे हलणारे ओठ. बंबलबी नावाचा छोटा पिवळा रोबो आधी फोक्सवॅगनची गोलमटोल बीटल गाडी होता, त्याची केली ऐटबाज कॅमेरो. आणि वर त्या ज्वाळा! "आमचं बालपण मोडलंत" असा एकच सूर होता. दिग्दर्शकाचीही बाजू होती. लांब नाकाच्या ट्रकमध्ये लोखंड जास्त, म्हणून त्यातून उभा राहणारा रोबो उंच होतो. आणि बीटल गाडी बघून त्याला हर्बी नावाच्या जुन्या विनोदी सिनेमातली गाडी आठवायची.

एका मागणीवर मात्र चाहते अडून बसले. ऑप्टिमस प्राईमचा आवाज तोच हवा. तो आवाज होता पीटर कलन यांचा, १९८४ पासूनचा. त्यांनी अनेक ठिकाणी सांगितलंय की तो आवाज मुळात त्यांच्या मोठ्या भावाचा. भाऊ व्हिएतनामच्या लढाईत होता. धाकटा रोबो-नायकाच्या आवाजाची परीक्षा द्यायला निघाला, तेव्हा त्याने सांगितलं की आरडाओरडा करू नकोस, सौम्य राहता येईल इतका बळकट हो. लढाई करून आलेल्या माणसाने हे सांगावं, याचं मला फार नवल वाटलं. आपल्याकडे क्षमा हा दुबळ्याचा गुण नाही म्हणतात, त्याच्याच शेजारचं हे बोलणं. तर ही मागणी मान्य झाली आणि २००७ च्या सिनेमात कलन यांचाच आवाज आला. ज्वाळा तशाच राहिल्या. सिनेमाने जगभरात ७० कोटी डॉलरच्या वर कमाई केली.

आता माझं सांगते.

माझ्या सासूबाईंच्या पाटल्या होत्या, जुन्या घडणीच्या, चांगल्या वजनदार. त्या मला मिळाल्या आणि मी सुनेला दिल्या. मागच्या उन्हाळ्यात ती हात पुढे करून म्हणाली, "आई, बघा ना, कशा झाल्यात?" हातात चार बारीक बांगड्या आणि गळ्यात एक नाजूक साखळी. पाटल्या मोडून केल्या होत्या. पाटल्या घालून तिला ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर काम करता येत नव्हतं, लॉकरमध्येच पडून असायच्या. आता रोज घालता येतील, असं तिचं म्हणणं. मी "छान" म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. त्यानंतर तीन महिने फोनवर तिच्याशी बोलले ते फक्त नातवाच्या खाण्याबद्दल.

मुलाच्या लक्षात आलंच. मी त्याच्याजवळ म्हटलं, "तुझ्या आजीच्या हातातलं मोडलं रे!" तर हसून म्हणाला, "आई, ही तर माझ्या ट्रकवरची ज्वाळा झाली. तेव्हा तू मला थालीपीठ वाढलं होतंस." मला राग आला. खेळणं कुठे आणि पाटल्या कुठे!

पुढे दशलक्षण पर्व आलं. उत्तम आकिंचन्याच्या दिवशी पंडितजींनी आचार्य समंतभद्रांच्या आप्तमीमांसेतलं उदाहरण सांगितलं. तुमच्यापैकी अनेकींनी ते ऐकलं असेल. सोन्याचा घट मोडून मुकुट केला. ज्याला घट हवा होता तो रडला, ज्याला मुकुट हवा होता तो हर्षला, आणि ज्याला सोनं हवं होतं तो शांत राहिला. घटाचा व्यय, मुकुटाचा उत्पाद आणि सोन्याचं ध्रौव्य, तिन्ही एकाच वेळी. आजवर हे मी दहादा ऐकलं असेन, मान डोलावली असेन. त्या दिवशी मात्र मान खालीच राहिली. तिथे बसल्या बसल्या मला तो लाल-निळा ट्रक आठवला.

विचार करा, ज्या खेळण्याची सगळी गंमत रूप बदलण्यात आहे, त्याचं रूप बदललं म्हणून माणसं चिडली होती! ट्रक हा पर्याय, रोबो हा पर्याय, चपटं तोंड आणि लांब नाक हेही पर्यायच. चाहत्यांना घट हवा होता. २००७ मध्ये पहिल्यांदा बघणाऱ्या लहान मुलांना मुकुट मिळाला, ती खूश. पण आवाज तोच ठेवा, असं म्हणणारे सोन्याबद्दल बोलत होते. म्हणून मला त्यांची चीड सगळीच वेडेपणाची वाटत नाही. काय बदललं तर चालेल आणि काय टिकलं पाहिजे, हे ज्याने प्रेम केलं त्यालाच जास्त कळतं. फक्त प्रेमात 'माझं' शिरलं की दोन्हीतला फरक दिसेनासा होतो, आणि मग आवाजासाठी भांडावं तितक्याच जोराने माणूस रंगासाठी भांडतो. ही मूर्च्छा. ती सोन्यावर होते तशी आठवणीवरही होते. वस्तू दान करता येते, आठवणीवरचा हक्क सोडणं अवघड.

आणखी एक गंमत सांगते. २०१८ मध्ये 'बंबलबी' नावाचा सिनेमा आला. त्यात तो पिवळा रोबो पुन्हा बीटल गाडी झाला, आणि ट्रकही पुन्हा चपट्या तोंडाचा. जुने चाहते सुखावले. पण त्याचा गल्ला २००७ च्या सिनेमापेक्षा कमीच भरला. घट परत मिळाला म्हणून सगळ्यांचं समाधान होतं असं नाही.

क्षमावाणीच्या दिवशी मी सुनेला फोन केला. तीन महिने मन धरून बसले, त्याची क्षमा मागितली. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, माझंही चुकलं. आधी विचारायला हवं होतं." मी "नाही गं" म्हटलं नाही. विचारायला हवं होतं, हे मला अजूनही वाटतं. पण विचारलं असतं तरी मी नको म्हटलं असतं, हेही मला ठाऊक आहे, आणि मग त्या पाटल्या आजही लॉकरच्या अंधारात असत्या.

दिवाळीत ती घरी आली. निर्वाणाच्या दिवशी पहाटे लाडूची तयारी करत होतो. मी पाठमोरी होते आणि मागून बारीक किणकिण ऐकू आली. सासूबाईंच्या पाटल्या हाताला घट्ट बसायच्या, त्या कधी वाजत नसत. या वाजतात.

उत्तम क्षमा.