बऱ्हाणपुरात आठवलेले बाबूराव पेंटर

भुसावळ सोडल्यावर सावदा, निंभोरा, रावेर अशी केळीच्या बागांतली स्थानके मागे टाकीत गाडी बऱ्हाणपुरास पोहोचली, आणि खानदेश सुभ्याचे हे जुने मोगली ठाणे पाहावयाचे तर आरंभ तापीकाठच्या शाही किल्ल्यापासूनच करावा, म्हणून मी थेट तिकडे वळलो.

मुमताजमहलचा १६३१ साली ज्या शहरात अंत झाला, त्या शहरातल्या तिच्या वास्तव्याच्या खुणा आता पडक्या भिंतींत शोधाव्या लागतात. परंतु हमामखान्यात शिरून मान वर केली आणि पाऊल जागीच थबकले. ओलीने पोपडे धरलेल्या चुन्यावर वेलबुट्टीची रंगीत नक्षी अजून तग धरून होती, आणि एका पाकळीची कड तर कुंचला नुकताच उचलला असावा इतकी स्वच्छ होती.

राजाराणीने पाऊल टाकण्यापूर्वी त्यांची जागा सजविणारा असा चितारी पाहिला की मला कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आठवतात. त्यांचा जन्म १८९० चा. वडील कृष्णराव मिस्त्री सुतारकामात व मूर्तिकामात निष्णात, त्यामुळे रंग आणि हत्यारे यांची ओळख त्यांना घरातच झाली. नात्यातले बंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. दोघांना चलच्चित्राचा ध्यास लागला. पण १९१६ साली आनंदराव गेले, आणि पुढच्याच वर्षी बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. कॅमेरादेखील त्यांनी स्वहस्ते घडविला. नाटकाच्या सपाट पडद्यावरचा महाल सोडून पात्रांना वावरता येईल असा भरीव महाल त्यांनी चित्रपटात उभारला, हे मला त्यांचे सर्वांत मोठे कर्तृत्व वाटते.

दुपारी शहराबाहेर मिर्झाराजे जयसिंहांची छत्री पाहिली. १६६५ च्या पुरंदरच्या तहात ज्यांनी शिवाजी महाराजांकडून तेवीस किल्ले घेतले, ते १६६७ साली याच बऱ्हाणपुरात निवर्तले. त्या तेवीसांतला कोंढाणा, म्हणजेच सिंहगड, १६७० मध्ये तानाजींनी प्राण देऊन परत आणला. आणि बाबूरावांनी १९२३ च्या ‘सिंहगड’ मूकपटात तो संग्राम कृत्रिम प्रकाशाच्या साहाय्याने पडद्यावर आणला. छत्रीच्या सावलीत बसून हा सारा धागा जुळताना मन भरून आले.

बाबूराव १९५४ साली गेले. त्यांच्या बहुतेक मूकपटांच्या फिती आज उरलेल्या नाहीत, आणि नाटकांचे पडदे तर गुंडाळता-उलगडता जीर्णच व्हायचे. वाचकहो, आपल्या गावच्या देवळात किंवा जुन्या नाट्यगृहाच्या माळ्यावर असा एखादा रंगविलेला पडदा पडून असेल, तर पावसाळ्याची ओल लागण्यापूर्वी तो एकदा उलगडून पाहा.