मोकळ्या श्वासाची प्रतीक्षा

नाक बिघडल्याखेरीज माणूस नाकाचा विचार करीत नाही. आमच्या नाकातील मधला पडदा वाकडा असल्याने उजवी नाकपुडी वर्षानुवर्षे बंद होती. रात्री तोंडाने श्वास घ्यावा आणि पहाटे घशाला कोरड पडून जागे व्हावे, हा आमचा नित्यक्रम. अखेर गतवर्षी शस्त्रक्रिया करून तो पडदा सरळ करून घेतला. आता उद्यापासून श्वास मोकळा, अशी आमची भाबडी समजूत होती.

शुद्धीवर आलो तेव्हा दोन्ही नाकपुड्यांत बोळे होते. घास गिळताना कानांत दडे बसत. दुसऱ्या दिवशी बोळे निघाले. परंतु पडद्याला आधार म्हणून बसविलेल्या सिलिकॉनच्या पातळ पट्ट्या आतच राहिल्या. डॉक्टरांनी बजावले : डोके उंच ठेवून निजावे, ओझे उचलू नये, शिंक आलीच तर तोंड उघडून शिंकावे, सांगितलेल्या मिठाच्या पाण्याने नाक ओले ठेवावे, रक्तस्राव वाढविणारी ॲस्पिरिनसारखी गोळी मनाने घेऊ नये. आणि नाक मुळीच शिंकरू नये.

चौथ्या दिवशी नाक पूर्वीहून अधिक चोंदले. वास तर कशाचाच येईना. आमच्या वसईच्या वाडीत सोनचाफा फुलला होता. सौभाग्यवतीने एक फूल नाकाशी धरले. ते आम्हांला कागदाचे वाटले. शस्त्रक्रिया फसली, ही शंका मनात घर करून बसली. पाचव्या रात्री घर निजले असता आम्ही न राहवून नाक शिंकरले. हातरुमाल लाल झाला. सौभाग्यवती जागी झाली. तिने आम्हांला मान मागे टाकू दिली नाही. किंचित पुढे झुकवून बसविले, कपाळावर बर्फ धरला व डॉक्टरांना फोन केला. थोड्या वेळाने रक्त थांबले. ती आम्हांला एका शब्दानेही बोलली नाही, आणि तेच अधिक लागले.

सकाळी डॉक्टर म्हणाले, “हाताची जखम सुजलेली दिसते, म्हणून माणूस धीर धरतो. नाकातली सूज दिसत नाही. तुमचे नाक सूज आणि खपल्या यांनी चोंदले आहे. रक्त थांबले नाही किंवा ताप चढला, तरच घाबरा.”

आठव्या दिवशी पट्ट्या काढल्या. उजव्या नाकपुडीतून हवा आत शिरली, ती इतकी गार की डोळ्यांत पाणी आले. गंध मात्र तिसऱ्या आठवड्यात परतला. तोही सोनचाफ्याचा नव्हे! भर दुपारी स्वयंपाकघरात सुके बोंबील भाजले जात होते. ज्या वासाने पाहुणे नाकाला रुमाल लावतात, त्या वासासाठी आम्ही चुलीपाशी जाऊन उभे राहिलो. सौभाग्यवतीने आमच्याकडे पाहिले आणि त्या रात्रीनंतर प्रथमच हसली.

नाक आतून पूर्ण भरून यावयास पुढे काही महिने लागले. वाचकांपैकी कुणावर ही पाळी आल्यास त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे : पहिल्या आठवड्यात नाकाची परीक्षा घेऊ नये.