वणव्यापाशी पहिला पोचणारा

बोदलकसा इथलं मातीचं धरण 1917 साली पूर्ण झालं. तिरोडा तालुक्यातल्या डोंगरांच्या कुशीतल्या या तलावावर आज पर्यटक येतात, पाणपक्षी पाहतात आणि पुढे नागझिऱ्याकडे निघतात. मार्च लागला की याच डोंगरांवर वेगळी धावपळ सुरू होते. साग, ऐन, बांबू यांच्या पानांचा घोट्याएवढा थर जमिनीवर साचलेला असतो. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणूनही कुठे कुठे आग लावतात. ती आग हाताबाहेर गेली की तिथे सर्वांत आधी बंब पोचत नाही, कारण बंबाला रस्ताच नसतो. पोचतो तो बीटचा वनरक्षक आणि त्याच्याबरोबरचे आसपासच्या गावांतले हंगामी मजूर. कुणाच्या हातात हिरवी फांदी, कुणाकडे ब्लोअर.

8 एप्रिल 2021 रोजी नागझिरा अभयारण्यात असेच मजूर आगीवर गेले होते. आग आटोक्यात येत असतानाच वारा उठला आणि ती पुन्हा भडकली. तिघांचा जागीच मृत्यू झाला, दोघे गंभीर भाजले. गोंदिया-भंडाऱ्याच्या जंगलात काम करणारा कुणीही ही तारीख विसरलेला नाही, आणि वणव्याच्या प्रशिक्षणाबद्दल बोलायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

तंत्रज्ञानाची उणीव होती असं म्हणता येत नाही. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था 2004 पासून उपग्रहांच्या आधारे वणव्यांच्या सूचना देते. आधीच्या मोडिस संवेदकाचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटरचा चौकोन होता. व्हीआयआयआरएस संवेदक आल्यावर तो 375 मीटरवर आला. सूचना आता वनरक्षकाच्या मोबाईलवर बीटच्या नावासह येते. ही मोठीच सोय आहे. पण 375 मीटरचा चौकोन म्हणजे सुमारे 14 हेक्टर जंगल. त्यात नाला कुठे, कडा कुठे, आगीचं तोंड कोणत्या बाजूला, हे त्या ठिपक्यात नसतं. शिवाय हे उपग्रह साधारण दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात. दुपारी तीनला पेटलेला पाचोळा त्यांना रात्रीच दिसणार. शेजारच्या पेंच व्याघ्र प्रकल्पात 2024 मध्ये उंचावर बसवलेला, चहूकडे फिरणारा कॅमेरा आला. तो संगणकाच्या मदतीने धूर ओळखून काही मिनिटांत इशारा देतो. मधल्या वेळेची पोकळी त्याने बरीच भरून निघते.

मात्र आग कुठे आहे हे कळणं आणि तिच्यापासून कधी मागे फिरायचं हे कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट शिकवण्याची पद्धत अमेरिकेतल्या एका अनुभवी माणसाने घालून दिली. पॉल ग्लीसन हे वणवे विझवणाऱ्या तुकडीचे प्रमुख होते. जून 1990 मध्ये ॲरिझोनातल्या ‘ड्यूड’ वणव्यात तुरुंगातून आणलेल्या तुकडीतली 6 माणसं गेली, तेव्हा ग्लीसन आपल्या तुकडीसह त्याच वणव्यावर होते. पुढच्याच वर्षी त्यांनी चार गोष्टींची मांडणी केली: आगीवर नजर ठेवणारा पहारेकरी, सर्वांशी संपर्क, निसटायची वाट आणि सुरक्षित जागा. या चारही गोष्टी ठरल्याशिवाय आगीला हात लावायचा नाही. सूचनांच्या लांबलचक याद्या आधीपासून होत्याच. धावपळीत आठवतील एवढ्याच गोष्टी ग्लीसन यांनी वेगळ्या काढल्या. आज जगभर वणव्याच्या कामात हाच पाया धरतात.

या चार गोष्टी बोदलकशाच्या डोंगरावर आणून पाहाव्यात. उन्हाळ्यात तलावाचं पाणी ओसरतं आणि काठाला उघडी, गवत नसलेली जमीन पडते. ती सुरक्षित जागा. आधीच जळून काळी झालेली जमीनही सुरक्षित, पण धुमसते ओंडके नसतील तरच. निसटायची वाट चढावर कधीही धरू नये. ऑस्ट्रेलियातल्या ॲलन मॅकआर्थर यांच्या अभ्यासातून आलेला ठोकताळा असा, की उतार 10 अंशांनी वाढला की चढणाऱ्या आगीचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. दमलेल्या माणसाचा वेग मात्र चढावर निम्म्यावर येतो.

ब्लोअरचंही तसंच. हे यंत्र आल्यापासून जाळरेषा साफ करणं फार सोपं झालं, आणि हवेच्या झोताने पेटता पाचोळा जळालेल्या बाजूला ढकलून छोटी आग मोडताही येते. पण झोत चुकीच्या बाजूने गेला तर ठिणग्या कोऱ्या जंगलात उडतात. पेट्रोलच्या इंजिनचा आवाज असा, की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, मग वॉकीटॉकी कुठली! म्हणून ब्लोअर चालवणाऱ्याच्या मागे एक माणूस फक्त त्याच्यासाठी हवा: आगीकडे बघणारा, वेळ आली की त्याचा खांदा धरून मागे ओढणारा. कामाला हात कमी असले की आधी याच माणसाला दुसरीकडे पाठवतात. माझ्या मते सगळ्यात घातक काटकसर हीच.

विदर्भात शिकवणाऱ्या संस्थांची वाण नाही. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरात आहे, वन प्रबोधिनी चंद्रपुरात आहे. तिथून तयार होतात ते अधिकारी आणि नियमित कर्मचारी. हंगामी मजूर मात्र हंगामापुरताच कामावर येतो, त्यामुळे वर्गात बसण्याची वेळ त्याच्या वाट्याला क्वचितच येते. दुसरीकडे गावात असेही लोक आहेत ज्यांना वारा कोणत्या खिंडीतून फिरतो, कोणत्या टेकडीवर बांबू दाट आहे, हे तोंडपाठ असतं. त्यांना शिकाऊ म्हणून नव्हे, शिकवणारे म्हणून बोलवायला हवं आणि त्याचं वेगळं मानधन द्यायला हवं. नवे कॅमेरे आणि ॲप निवडतानाही आगीवर गेलेली माणसं त्या बैठकीत असावीत.

वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीपासून धरला जातो. मजुरांची निवड जानेवारीतच झाली, तर दोन आठवडे सरावाला मिळतात: प्रत्येक बीटमध्ये पायी फिरून सुरक्षित जागा नकाशावर आणि झाडांवर चुन्याने खुणावणं, ब्लोअरची जोडी ठरवणं, माघारीच्या शिट्टीचा इशारा पक्का करणं. माघारीची शिट्टी वाजवण्याचा अधिकार सर्वांत कनिष्ठ मजुरालाही असावा, आणि ती वाजली की वनपालानेही मागे फिरावं, हे लेखी आदेशात असलं पाहिजे. शिट्टी चुकून वाजली तरी त्याची मजुरी कापली जाणार नाही, हेही त्याच आदेशात लिहावं.