टाकीचं ब्रॅकेट आणि सही कुणाची

पोस्ट मोठी आहे आणि निम्म्या भागात नट-बोल्ट आहेत. आधीच सांगून ठेवते, नंतर तक्रार नको.

गेल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच व्हिडिओ आला. गावातल्या पोरानं भंगारातून विमान केलं. खाली ठरलेल्या प्रतिक्रिया: "याला म्हणतात टॅलेंट", "अमेरिकेत असता तर डोक्यावर घेतलं असतं", "आपलं सरकार फक्त अडवणार." दोघातिघांनी मला टॅग केलं, कारण मी अमेरिकेत राहते आणि आमच्या गॅरेजमध्ये खरोखरच विमान बनतंय. तेव्हा म्हटलं, इथे डोक्यावर घेतात म्हणजे नक्की काय करतात ते एकदा नीट लिहावं. पण ते सांगायचं तर एका बोटभर लांबीच्या तुकड्यापासून सुरुवात करावी लागेल.

विमान आहे आरव्ही-७. दोन सीटचं, अ‍ॅल्युमिनियमचं. ओरेगॉन राज्यातली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी त्याचं किट विकते. त्यांची वेगवेगळी मॉडेल धरून अकरा हजारांहून जास्त विमानं लोकांनी स्वतः बांधून उडवली आहेत. किट म्हणजे खोकी येतात, त्यात कापलेले आणि भोकं पाडलेले पत्रे, रिव्हेटच्या पिशव्या आणि नकाशे. बाकी तुम्ही आणि तुमचे शनिवार-रविवार. उडवणार नवरा, लायसन्स त्याचं आहे. मी मेकॅनिकल इंजिनिअर, बाप कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयुष्यभर लेथवर उभा राहिलेला. त्यामुळे ड्रिल कोणाच्या हातात असणार हा प्रश्न आमच्या घरात निघालाच नाही.

सध्या आम्ही उजव्या पंखाच्या पेट्रोलच्या टाकीवर आहोत. स्कूटरची टाकी डोळ्यासमोर आणू नका. इथे वेगळा डबा नसतो. पंखाची पुढची गोलसर कडा असते ना, तिचा धडाकडचा भाग हीच टाकी. पत्रा, आतल्या फासळ्या आणि मागची भिंत हे सगळं एका काळ्या, चिकट, घाणेरड्या वासाच्या सीलंटमध्ये बुडवून रिव्हेट करायचं. (तो सीलंट केसाला लागला तर केस कापावे लागतात. विचारू नका.) एका टाकीत २१ गॅलन, म्हणजे जवळपास ८० लिटर पेट्रोल मावतं. वजन साधारण ५७ किलो. हे विमान कसरतींसाठी ६ जी पर्यंतच्या भाराला डिझाइन केलेलं आहे. म्हणजे वेळ आली तर ती भरलेली टाकी स्वतःला साडेतीनशे किलोच्या आसपास समजून वागणार.

तिला धरून कोण ठेवतं? वरून-खालून स्क्रूंची रांग असते. आणि मागच्या बाजूला झेड आकाराच्या छोट्या ब्रॅकेटांची एक ओळ. ब्रॅकेटची एक बाजू टाकीच्या मागच्या भिंतीला रिव्हेट होते, दुसरी बाजू पंखाच्या कण्याला, म्हणजे स्पारला, बोल्टने बसते. झालं, एवढंच. बघायला गेलं तर आपल्याकडे एसीचं आउटडोअर युनिट याहून जाड लोखंडावर लटकवतात.

गंमत ही की टाकी आणि स्पार एकमेकांना चिकटून बसल्यावर मध्ये हात जात नाही. म्हणून क्रम उलटा. आधी ब्रॅकेटं स्पारला बोल्टने लावून घ्यायची. मग टाकी तात्पुरती जागेवर बसवायची, कडेचे स्क्रू लावून पंखाशी एका रेषेत आणायची, आणि मग टाकीच्या भिंतीत जी भोकं आधीच आहेत त्यांतून ब्रॅकेटमध्ये भोक पाडायचं. मागचं ब्रॅकेट तर दिसत नाही! त्यावर साधा इलाज आहे. ब्रॅकेटच्या पट्टीवर मधोमध पेनाने एक रेघ मारून ठेवायची. भोकातून डोकावलं की ती रेघ बरोबर मध्ये दिसली पाहिजे. दिसली तर ड्रिल. नाही दिसली तर ड्रिल खाली ठेवायचं, बोल्ट ढिले करायचे, ब्रॅकेट हलवायचं, परत बघायचं.

रेघेचा एवढा आग्रह का? भोकाचं केंद्र पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या जाडीच्या निदान दुप्पट लांब हवं. आठव्या भागाचा रिव्हेट म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या आत-बाहेर, म्हणून कडेपासून साडेसहा मिलिमीटर तरी. भोक कडेला सरकलं तर आज काहीच होत नाही. उद्याही नाही. इंजिनची थरथर, हवेचे धक्के, उतरतानाचे दणके खाऊन काही वर्षांनी तिथून चीर निघते. म्हणूनच ब्रॅकेटची प्रत्येक कडा कानशीने आणि मग पॉलिश पेपरने गुळगुळीत करायची, बर ठेवायची नाही, कारण चीर ओरखड्यापासूनच सुरू होते. उद्यमनगरात हे बाबांकडून दहाव्या वर्षी ऐकलेलं, फक्त तिथे ते पंपाच्या पार्टबद्दल होतं.

बोल्टही आवळायचा तो मापात. तीन नंबरचा एएन बोल्ट, २० ते २५ इंच-पौंड. आपल्या भाषेत सव्वादोन ते पावणेतीन न्यूटन-मीटर. मनगटाच्या जोरावर आवळला तर कुणीही याच्या दुप्पट सहज मारेल आणि "चांगला टाइट केलाय" म्हणेल. टॉर्क रेंचने आवळायचा आणि वर रंगाची एक रेघ ओढायची, बोल्ट पुढे कधी हलला तर ती तुटलेली दिसते.

मला सगळ्यात आवडलेलं डिझाइन मात्र मुळाशी आहे. टाकीच्या धडाकडच्या टोकाला आणखी एक ब्रॅकेट असतं, ते विमानाच्या धडाला जोडलं जातं. तिथे धडाकडच्या पट्टीत बंद भोक नाही, एका बाजूने उघडी खाच आहे. कारण अपघातात पंख मागे ढकलला गेला तर बोल्ट त्या खाचेतून निसटून जावा, टाकी फाटू नये. माणसं वाचावीत म्हणून एक जोड मुद्दाम सुटण्यासाठी ठेवलेला आहे. मी उजव्या सीटवर बसणार आहे, तिथून ती टाकी हाताच्या अंतरावर. त्यामुळे त्या खाचेकडे मी जरा जास्तच वेळ बघत बसते.

आता मुद्द्यावर येते.

इथल्या कायद्यात हौशी माणसाने विमान बांधायची सोय आहे. अट अशी की निम्म्याहून जास्त काम हौशी लोकांनी, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असलं पाहिजे. ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात त्याला. शेवटी एफएएचा इन्स्पेक्टर किंवा त्यांनी नेमलेला प्रतिनिधी येतो, तेव्हा टाकी केव्हाच बंद झालेली असते. आतलं ब्रॅकेट त्याला दिसू शकत नाही. तो बघतो तुमची वही आणि फोटो. कुठल्या तारखेला काय केलं, कसं केलं. आणि विमान बांधणाऱ्याने स्वतःच्या सहीने लेखी निवेदन द्यायचं असतं. विमानावर मोठ्या अक्षरांत "एक्सपेरिमेंटल" लिहायचं, आत प्रवाशाला दिसेल अशी पाटी लावायची की हे विमान हौशी माणसाने बांधलंय आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम पाळत नाही. पहिले २५ किंवा ४० तास ठरवून दिलेल्या भागातच उडवायचं, हौसेखातर कुणाला शेजारी बसवायचं नाही. म्हणजे मी जमिनीवर!

डोक्यावर वगैरे कुणी घेत नाही. "तू केलंस ना, मग तू उत्तर दे," एवढंच म्हणतात.

आणि मदत? ईएए नावाची हौशी वैमानिकांची संघटना आहे, १९५३ साली विस्कॉन्सिनमध्ये सुरू झालेली. त्यांचे अनुभवी सभासद तांत्रिक सल्लागार म्हणून फुकट घरी येऊन काम बघतात. आमच्याकडे जे आजोबा आले ते निवृत्त मेकॅनिक. चहा नाही, गप्पा नाहीत. टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा काढला आणि दोन तास टाकीत डोकं घालून बसले. प्रत्येक ब्रॅकेटचा फोटो मागितला, टाकी बंद करण्याआधीचा. होता. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, "हे भोक पाडताना तुला रेघ दिसत होती, की दिसतेय असं वाटत होतं?" दिसत होती, आणि फोटोतही दिसत होती. निघताना मी वही पुढे केली, सही करा म्हणून. ते हसले. म्हणाले, "नाव लिहितो, आलो होतो म्हणून. पण माझ्या सहीला काही किंमत नाही. विमान तुझं आहे."

हे बाबांना फोनवर सांितलं तर ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मग सही कुणाची गं त्यावर?"

"माझीच, बाबा."

"असं कसं? जबाबदार अधिकारी कोण?"

त्यांना हसू नका. त्यांचं आख्खं आयुष्य दुसऱ्याची सही मिळवण्यात गेलंय. वर्कशॉपच्या प्रत्येक परवान्याला कुणीतरी यायचं, खुर्चीत बसायचं, मशीनकडे न बघता कागदावर सही करून जायचं. पुण्यात माझ्या बहिणीच्या सोसायटीत लिफ्टमध्ये तपासणीचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. त्या तारखेला लिफ्ट तपासायला कुणी आल्याचं वॉचमनला आठवत नाही, सेक्रेटरीला तर नाहीच. पण कागद आहे. काही झालं तर सगळे त्या कागदामागे उभे राहणार. आपल्याकडे सही म्हणजे पाहिल्याची खूण नाही, ती सुटकेची खूण आहे.

म्हणून तो व्हिडिओ बघून मला टाळ्या वाजवता येत नाहीत. २०२१ साली यवतमाळ जिल्ह्यात एका तरुणाने स्वतः हेलिकॉप्टर बनवलं होतं. जमिनीवरच चाचणी घेताना पातं तुटलं आणि तो गेला. त्याच्याही व्हिडिओखाली अशीच वाक्यं होती, आधी कौतुकाची, मग हळहळीची. "आधी यंत्र बांधून ठेव, लांब उभं राहून चालव, पात्याच्या मुळाशी चीर आहे का ते भिंगातून बघ," हे त्याच्या शेजारी उभं राहून सांगणं हे आपल्या व्यवस्थेत कुणाचंच काम नव्हतं. लाइक द्यायला लाखो लोक, आरसा घेऊन दोन तास बसायला कुणी नाही.

दुसरं टोकही आपल्याकडेच आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते ठेवलं होतं, मंत्र्यासंत्र्यांनी पाहिलं. डीजीसीएची नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये आणि उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये. ते स्वतः व्यावसायिक वैमानिक, मुख्यमंत्र्यांपर्यंत पोचलेले, तरी एवढी वर्षं. फुलसावंगीसारख्या गावातल्या वेल्डरने कुठल्या खिडकीवर जायचं?

कुणीतरी खाली लिहिणारच, म्हणून आत्ताच: अमेरिकेची पद्धत निर्दोष नाही. इथल्या अपघात तपास यंत्रणेने, एनटीएसबीने, २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा अभ्यास केला. कारखान्यातल्या तशाच विमानांपेक्षा यांचे अपघात जास्त, आणि विमान नवीन असताना तर आणखी जास्त. म्हणजे स्वातंत्र्याची किंमत माणसं जिवाने देतात. पण त्या अभ्यासानंतर "बंद करा हे" असं कुणी म्हटलं नाही. शिफारशींमधली एक अशी होती की पहिल्या उड्डाणाआधी इंधन यंत्रणेची प्रत्यक्ष चाचणी झाल्याचा पुरावा मागा. बघा, परत टाकीच! नवीन खातं, नवीन समिती यापेक्षा मला हे पटतं.

आणि "आपल्या लोकांना एवढी मोकळीक दिली तर काय होईल" हा मुद्दा मला मान्य नाही. उद्यमनगरातला कुठलाही जुना टर्नर ती रेघ भोकातून बघूनच ड्रिल मारेल. हात आणि डोळा आहे आपल्याकडे. त्या हाताला "तुझ्या कामाची वही तू ठेव आणि खाली तू सही कर" असं कधी कुणी सांगितलेलं नाही.

असो. आमच्या टाकीची गळती चाचणी सध्या चालू आहे. सगळी तोंडं बंद करायची, एका नळीला फुगा लावायचा, अगदी थोडी हवा भरायची आणि रिव्हेटांवर साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडा आला तर गळती. सकाळी फुगा मलूल असतो, दुपारी गॅरेज तापलं की टम्म फुगतो, संध्याकाळी परत बसतो. तापमानाचा खेळ आहे, पण पहिल्या संध्याकाळी माझा जीव खाली-वर झाला होता. आज चौथा दिवस, बुडबुडा नाही. बाबांना रोज सकाळी फुग्याचा फोटो लागतो. काल त्यांनी ब्रॅकेटचाही मागितला, शेजारी पट्टी ठेवून, कडेपासूनचं अंतर मोजता येईल असा. पाठवलाय. अजून उत्तर आलेलं नाही, म्हणजे मोजत असणार.

डाव्या पंखाची टाकी पुढच्या महिन्यात. सीलंट मागवलंय.