कायद्याविना उभं असलेलं पद

संरक्षणशास्त्र शिकवायला लागल्यापासून वर्गात एक प्रश्न हमखास येतो : ‘मॅडम, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार व्हायचं तर कोणती परीक्षा द्यावी लागते?’ प्रश्न रास्त आहे. या पदासाठी परीक्षा नाही, जाहिरात नाही, वयाची अट नाही. राज्यघटनेत त्याचा उल्लेख नाही आणि संसदेने त्यासाठी वेगळा कायदाही केलेला नाही. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर सहा महिन्यांनी, नोव्हेंबर १९९८मध्ये, वाजपेयी सरकारने कृष्णचंद्र पंत कृती गटाच्या शिफारशीनंतर राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन केली. तिच्याबरोबरच हे पद आलं. पंतप्रधानांचा विश्वास हाच त्याचा पाया आहे.

आजवर या खुर्चीत पाच जण बसले. ब्रजेश मिश्र, जे. एन. दीक्षित आणि शिवशंकर मेनन परराष्ट्र सेवेतले. एम. के. नारायणन आणि अजित डोवाल हे पोलीस सेवेतून गुप्तवार्ता विभागाच्या, म्हणजे आयबीच्या, संचालकपदापर्यंत पोचलेले. या पाच आयुष्यांकडे नीट पाहिलं की या पदाची तयारी कशी होते ते समजतं.

१ मे १९७० रोजी बीजिंगमध्ये तिआनमेनवर परदेशी प्रतिनिधींची रांग होती. बासष्टच्या युद्धानंतर दोन्ही देशांचे राजदूत परतलेले नव्हते. भारताच्या वतीने प्रभारी म्हणून ब्रजेश मिश्र उभे होते. माओंनी त्यांच्याशी हस्तांदोलन केलं आणि हे भांडण असंच चालू ठेवता येणार नाही, अशा अर्थाचं काही बोलले. मिश्र यांनी ते तातडीने दिल्लीला कळवलं. जून २००३मध्ये वाजपेयी चीनला गेले, तेव्हा सीमाप्रश्नाच्या चर्चेसाठी दोन्ही देशांनी विशेष प्रतिनिधी नेमायचं ठरलं. भारताचे पहिले विशेष प्रतिनिधी मिश्रच होते. तेव्हापासून ही जबाबदारी प्रत्येक सुरक्षा सल्लागाराकडे चालत आली आहे.

दीक्षित यांनी ढाका, काबूल, कोलंबो आणि इस्लामाबाद इथे भारताचं प्रतिनिधित्व केलं आणि मग ते परराष्ट्र सचिव झाले. सल्लागारपदी मात्र त्यांना आठ महिनेही मिळाले नाहीत. जानेवारी २००५मध्ये पदावर असतानाच त्यांचं निधन झालं. मेनन चिनी भाषा शिकलेले. प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर शांतता राखण्याच्या १९९३च्या कराराच्या वाटाघाटींत त्यांचा मोठा वाटा होता. डोवाल यांनी मिझोराम आणि पंजाबच्या अशांत वर्षांत काम केलं, १९८८मध्ये कीर्तिचक्र मिळवलं आणि १९९९च्या कंदाहार अपहरणात वाटाघाटी करणाऱ्या पथकात ते होते. म्हणजे सल्लागारपद काही वर्षांचं असलं, तरी त्यामागे तीन-चार दशकांचा अनुभव असतो.

लोकांना या पदातलं धाडस दिसतं. चित्रपटांनी तेच ठसवलं आहे. रोजचं काम मात्र जुळवणीचं आहे. संरक्षण, परराष्ट्र, गृह, अर्थ, अणुऊर्जा, अवकाश अशा प्रत्येक खात्याचं जग वेगळं आणि प्रत्येकाला आपलंच म्हणणं तातडीचं वाटतं. कारगिलआधी, जून १९९८मध्ये, आयबीच्या संचालकांनी नियंत्रण रेषेपलीकडच्या हालचालींबद्दल पत्र पाठवलं होतं. ते पंतप्रधान आणि गृहमंत्र्यांकडे गेलं, पण रॉचे सचिव आणि संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष यांना पाठवलंच गेलं नव्हतं. तुकडे जोडून अर्थ लावणं हे ज्यांचं काम, त्यांचीच नावं यादीत नव्हती. कारगिल युद्धानंतर नेमलेल्या के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने हे नोंदवलं आणि सल्लागार पूर्णवेळ असावा, अशी शिफारस केली. तरीही मिश्र यांच्याकडे २००४पर्यंत पंतप्रधानांचं प्रधान सचिवपदही राहिलं.

पालखी सोहळ्यात समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि सगळ्या दिंड्यांचे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असते, ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, तक्रार ऐकून घेतो आणि मगच आरती होते. सुरक्षा सल्लागाराचं खरं कसब मला यातच दिसतं. ज्या खात्याचा आक्षेप उरला आहे, त्याचं म्हणणं निर्णयाआधी पंतप्रधानांपर्यंत पोचलं पाहिजे, मग ते त्यांना आवडो वा न आवडो.

या पदाचं वजन वाढतच गेलं आहे. जानेवारी २००३मध्ये जाहीर झालेल्या आण्विक कमांड प्राधिकरणाच्या कार्यकारी परिषदेचं अध्यक्षपद सल्लागाराकडे आहे. अण्वस्त्र वापराचा अधिकार पंतप्रधानांच्या राजकीय परिषदेकडे. २०१८मध्ये धोरणात्मक गटाचं अध्यक्षपद मंत्रिमंडळ सचिवांकडून सल्लागाराकडे आलं. २०१९मध्ये या पदाला कॅबिनेट दर्जा मिळाला. त्याच वर्षी मुंबईचे पोलीस आयुक्त आणि राज्याचे पोलीस महासंचालक राहिलेले दत्तात्रय पडसलगीकर उपसल्लागार म्हणून दिल्लीत गेले. महाराष्ट्राच्या पोलीस दलातला अनुभव थेट या यंत्रणेत पोचला, ही आपल्यासाठी मोलाची गोष्ट.

अधिकार वाढला, उत्तरदायित्व मात्र तिथेच राहिलं. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील यांनी राजीनामा दिला. राज्यात विलासराव देशमुख आणि आर. आर. पाटील यांनीही पदं सोडली. नारायणन यांनीही राजीनामा देऊ केला होता; तो स्वीकारला गेला नाही आणि ते जानेवारी २०१०पर्यंत पदावर राहिले. दोष कुणाचा, हा इथे माझा मुद्दा नाही. मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं. सल्लागार मंत्री नसेल, तर त्याला तिथे प्रश्नच विचारता येत नाही.

अमेरिकेचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथेही सल्लागाराच्या नेमणुकीला सिनेटची मान्यता लागत नाही, पण सुरक्षा परिषद १९४७च्या कायद्याने बांधलेली आहे. रेगन यांच्या काळात परिषदेचे कर्मचारी स्वतःच मोहिमा चालवू लागले. इराणला शस्त्रं विकून आलेला पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवला गेला. सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर यांना १९८६मध्ये जावं लागलं आणि पुढच्या वर्षी काँग्रेसच्या समित्यांसमोर जाहीर साक्ष द्यावी लागली. जुळवणी करणारा स्वतःच मोहीम चालवू लागला, की त्याची चूक दाखवायला कुणी उरत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. संसदेने राष्ट्रीय सुरक्षा परिषद आणि सल्लागारपद यांचा कायदा करावा. कामाची हद्द त्यात लिहावी. मोजक्या खासदारांच्या समितीसमोर, बंद दाराआड का होईना, सल्लागाराने वर्षातून एकदा तरी उत्तरं द्यावीत. आजवर दोनच सेवांतून माणसं आली. सैन्यदलं, विज्ञान आणि अर्थशास्त्र यांतली माणसंही या पदासाठी विचारात घ्यावीत. पंतप्रधानांचा विश्वास हवाच, पण अण्वस्त्रांच्या यंत्रणेपर्यंत ज्याचा हात पोचतो, त्या पदाला एवढाच आधार पुरत नाही.

आणि परीक्षेबद्दल विचारणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनो, एखाद्या शेजारी देशाची भाषा शिका, त्याचा इतिहास मुळापासून वाचा आणि वरिष्ठांना न आवडणारी गोष्ट पुराव्यानिशी, सभ्यपणे सांगायची सवय आजच लावून घ्या. पद मिळो न मिळो, देशाला अशी माणसं हवी आहेत.