गप्प झालेलं टॅपेट

माझ्या शंभर सीसी गाडीचं टॅपेट वाजायचं. डोंबिवलीच्या मानपाडा रोडवरून निघून काटई नाका, शिळफाटा, मुंब्रा बायपास करत वागळे इस्टेटला पोचेपर्यंत ती टकटक कानात बसायची. गाडी चालायला उत्तम होती, पण आवाज मला सोसवेना. एका संध्याकाळी घरी येताना वाटेतल्या गॅरेजात थांबलो आणि म्हणालो, “टॅपेट आवळून टाक.” इंजिन तापलेलं होतं. पोराने झाकणं उघडून दोन्ही टॅपेट अंदाजाने आवळली, फट मोजायचं फिलर गेज हातात घेतलंच नाही. गाडी एकदम गप्प झाली. मी खुशीत घरी आलो.

महिनाभरात गाडी कुरकुरू लागली. सकाळी ठीक, पण शिळफाट्याच्या कोंडीत पहिल्या गिअरवर सरकताना तापली की आयडलला बंद पडायची. मग किक पायाखाली पोकळ लागायची. बायपासचा चढ ती तिसऱ्यावर घेईना. सायलेन्सरमधून फटफट आवाज, अ‍ॅव्हरेज साठावरून पंचेचाळीसवर. मी प्लग बदलला, कार्बोरेटर साफ करून घेतला, पेट्रोलला दोष दिला. टॅपेटची शंका आलीच नाही, कारण तिथून आवाजच नव्हता.

शेवटी कल्याणच्या एका जुन्या मिस्त्रींनी किक हाताने दाबून पाहिली. “दादा, कम्प्रेशन गेलंय.” त्यांनी हेड उतरवलं आणि एक्झॉस्टच्या बाजूने थोडं पेट्रोल ओतलं. व्हॉल्व्ह बंद असूनही ते कडेने झिरपून खाली टपकलं. बाहेर काढलेल्या व्हॉल्व्हची कड एका जागी जळून खाल्ली गेली होती.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळत्या वायूंत राहतो, तापला की लांबतो. म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीमध्ये केसाएवढी फट ठेवतात. माझ्या गाडीला 0.08 मिलिमीटर. टॅपेट फार आवळलं आणि ही फट उरली नाही, तर व्हॉल्व्ह सीटवर पुरता टेकत नाही. त्याची बरीचशी उष्णता तर सीटला टेकल्यावरच हेडमध्ये उतरते. तेवढी उसंत मिळाली नाही की कड जळू लागते. फट जास्त झाली तरी नुकसान आहेच: व्हॉल्व्ह उशिरा आणि कमी उघडतो, रॉकर ठोके खातो. “पण ढिलं टॅपेट ओरडून सांगतं तरी,” मिस्त्री म्हणाले.

नवा व्हॉल्व्ह घासून बसवला. गाडी रात्रभर तिथेच ठेवायला लावली. सकाळी गार इंजिनावर फ्लायव्हीलवरची ‘टी’ ही खूण जुळवून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करून त्यांनी गेज सरकवलं, लॉकनट आवळला आणि गेज पुन्हा घातलं, कारण नट आवळताना टॅपेटचा स्क्रू हलतो.

आता गाडी बारीक टकटक करते. तुमचीही करत असेल तर आवाज बंद करायला सांगू नका. आदल्या रात्री गाडी गॅरेजात ठेवा, आणि गेज लावताना समोर उभे राहा.